कडूच्या खोलीची मापं

नागपूर,
१३ जानेवारी १९८५

ती. दादास,
द्वारकाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. सिडकोच्या घराला मागं बांधकाम वाढवायची परवानगी आली, हे बरं झालं. त्यात एका अंगाला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या अंगाला कडूची खोली करायची असं तू आणि वहिनींनी ठरवलंत, हे त्याहून बरं. पाहुण्यांसाठी म्हणून बांधलेल्या खोलीत वर्षाचे अकरा महिने गाद्याच राहतात.

सोबत तीन नकाशे आहेत. खोली एकच आहे, वयं तीन: सहा, दहा आणि पंधरा. पूर्वेच्या भिंतीला चार सागवानी खांब उभे करायचे. प्रत्येक खांबाला दर पाच सेंटिमीटरवर एक भोक. झोपायची फळी, अभ्यासाची फळी, कपड्यांची दांडी, सगळं खुंट्यांवर बसेल. मूल वाढलं की खुंट्या काढून वरच्या भोकात घालायच्या. खिळा कुठंही मारू देऊ नकोस. सध्या झोपायची फळी वर आणि खाली खेळायला जागा. वर जायला पाच पायऱ्यांची शिडी. पंधराव्या वर्षी शिडी जाईल, पलंग खाली येईल आणि वर पुस्तकं जातील.

प्रत्येक नकाशात मी कडूची आकृती काढली आहे. तिसऱ्यात तो उभा आहे आणि त्याचा हात सगळ्यात वरच्या पुस्तकाला लागला आहे. आकृती नसली की सुताराला उंचीचा अंदाज येत नाही, म्हणून काढली.

खोलीचा नियम एकच ठेवला आहे. आतल्या मुलाला कशासाठीही कुणाला हाक मारावी लागू नये. तू आणि मी कंदिलासाठी, पाटीसाठी, फडताळातल्या डब्यासाठी आईला हाका मारत मोठे झालो. तुला त्याचं काही वाटत नसे. मला वाटत असे.

माझ्यासाठी एक काम कर. दर दिवाळीत पाडव्याला कडूला भिंतीशी उभा करून दोन मापं पाठव: उंची, आणि हात सरळ वर केल्यावर बोटं कुठवर पोचतात ती. साधारणपणे उभ्या मुलाचा हात उंचीच्या सव्वापट वर जातो. पण ‘साधारणपणे’वर सुतारकाम करू नये. प्रत्यक्ष मोज.

आईला नमस्कार सांग. ती विचारणार नाही, तरी सांग. शेंद्र्याच्या स्थळाला माझा नकार कायम आहे. होकार घेऊनच उंबरा चढायचा ही तिची अटही कायम असेल, तर माझं येणं होणार नाही.

वहिनींना नमस्कार, कडूला गोड पापा. आठवण ठेवता तशी ठेवत राहावी.

तुझी,
द्वारका

•

औरंगाबाद,
३ फेब्रुवारी १९८५

चि. द्वारकास,
बद्रीनाथचे अनेक आशीर्वाद.

नकाशे पोचले. सांडू मिस्तरीनं पहिला कागद उलटाच धरला आणि कोण्या साहेबाचा हाय म्हणून विचारलं. माझ्या धाकट्या बहिणीचा, म्हटल्यावर त्यानं चष्मा पुसून पुन्हा बघितला. सेंटिमीटर हे शिंप्याचं माप, सुतार फूट-इंचातच काम करतो, असं त्याचं म्हणणं. मी कंपनीतनं माझी स्टीलची पट्टी आणून त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, की बाबा, तिचं एक भोक इकडचं तिकडं झालं तर ती नागपूरहून तार करील. आता मुकाट्यानं करतोय.

कडूला मोजलं. उंची ११२, हात १३८. लई खूश हाय. दिवसातनं चारदा विचारतो, माझी खोली आज किती झाली. शिडीवर मात्र नखरे करतो. जमिनीवरून उठतानाही दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवत ठेवत वर येतो, थेट आपल्या आजोबांसारखा. आम्ही सगळे हसतो, मग तोही मुद्दाम तसाच उठून दाखवतो. आई म्हणते, हसू नका, पोटऱ्या बघा लेकराच्या, कशा भरल्यात, पैलवान होणार हाय.

तुझा नमस्कार आईला सांगितला. ती म्हणाली, नमस्काराला पाय लागतात, टपालानं येतो व्हय? तुम्ही दोघी एकाच लाकडाच्या.

वच्छला विचारते, तिकडं ज्वारी मिळते का नाय. तब्येतीला जप. अधनंमधनं दोन ओळी टाकीत जा, आम्हाला तेवढंच पुरतं.

तुझा,
दादा

•

नागपूर,
१७ फेब्रुवारी १९८५

ती. दादास सा. न. वि. वि.

ज्वारी मिळते. चांगली नसते.

कडू गुडघ्यांवर हात ठेवून चढतो त्याअर्थी पायऱ्या लांब झाल्या आहेत. चूक माझी. मी दोन पायऱ्यांत २५ सेंटिमीटर धरले होते, ते १८ कर आणि पाचाच्या सात पायऱ्या कर. हाताला धरायला बाजूनं गोल दांडी लाव. दुरुस्तीचा कागद सोबत आहे. मिस्तरींना पट्टी परत मागू नकोस, त्यांच्याकडेच राहू दे.

माया आहे ती असू द्यावी.

तुझी,
द्वारका

•

औरंगाबाद,
१० नोव्हेंबर १९८६

चि. द्वारकास अनेक आशीर्वाद.

पाडव्याची मापं पाठवायला आठ दिवस उशीर झाला, रागावू नको. मागच्या दिवाळीला ११६ आणि १४३ पाठवली व्हती. यंदा उंची १२०, हात १५०.

तू विचारलंस, खोली कशी वापरतो. चांगली वापरतो. झोपायची फळी मात्र आम्ही खाली घेतली, वर उकडतं त्याला. शिडी काढून मागं ठेवली. शाळेत मी सायकलवर सोडतो. तू लिहितेस पायी जाऊ दे, सवय लागते. पण रस्त्यावर ट्रक लई झालेत.

तुझा तिसरा नकाशा फ्रेम करून त्याच्या खोलीत लावला. पहिला आणि दुसरा सांडूनं जेवता जेवता हळदीच्या हातांनी खराब केले व्हते, तिसरा कोरा राहिला. सकाळपाळीला निघताना मी एकदा बघून जातो.

यंदा तुझं येणं जमेल का, असं विचारणार नाही. अंगावर जास्त काम घेऊ नको. आमची याद असू दे.

तुझा,
दादा

•

नागपूर,
१५ नोव्हेंबर १९८७

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. उंची १२४, हात १५५.

हे पत्र लिहायला मी चार दिवस घेतले. आधी मला वाटलं माझंच काही चुकतंय, म्हणून चारही वेळची मापं एका कागदावर मांडली. पहिल्या वेळी हात उंचीहून २६ वर होता. दुसऱ्या वेळी २७. या दोन आकड्यांत एक मूल आहे. त्यानंतर १२० ला १५० आणि १२४ ला १५५. दोन्ही बरोब्बर सव्वापट. मिलिमीटरही इकडं-तिकडं नाही.

सव्वापट मीच तुला लिहून कळवलं होतं. तू लेथवरचा टर्नर आहेस, दादा. मोजलेली वस्तू इतकी नेमकी येत नाही, हे तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे. दोन वर्षं तू त्याचा हात मोजलेला नाहीस. गणित करून पाठवतोस.

झोपायची फळी खाली आली. शिडी मागं गेली. शाळेला सायकल. प्रत्येकाला कारण होतं आणि प्रत्येक कारण मी मान्य केलं. आता एकच विचारते. कडू भिंतीशी उभा का राहत नाही?

उत्तर तुला लिहवत नसेल तर वहिनींना लिहू दे.

द्वारका

•

औरंगाबाद,
२६ नोव्हेंबर १९८७

द्वारकाताईंस,
वच्छलाचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. तुमचं पत्र यांनी वाचलं आणि घडी करून माझ्या पुढ्यात ठेवलं. तेव्हापासून जेवतात, पाळीला जातात, एवढंच.

ताई, कडू पडतो. गेल्या वर्षी उन्हाळ्यात शाळेच्या अंगणात सारखा पडायला लागला तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेला. त्यांनी रक्त मुंबईला पाठवलं. त्याच्या स्नायूंचं दुखणं आहे. पायापासून सुरू होतं, मग वर सरकतं. पोटऱ्या भरल्या त्या ताकदीनं नव्हे, आजारानंच. औषध नाही. डॉक्टर चांगले होते, त्यांनी खुर्ची देऊन बसवून सांगितलं. दहा-अकराव्या वर्षी चालणं थांबेल म्हणाले. पुढं हात. त्याच्या पुढं छाती. यांनी विचारलं किती वर्षं, तर म्हणाले, विशीच्या पुढं गेलेली मुलं थोडी.

आणखी एक सांगितलं, ते मी घरात कुणाला बोलत नाही, तुम्हाला लिहिते. हे आईकडून मुलाकडं येतं. माझा एक भाऊ लहानपणी असाच गेला, तो पांगळा होता एवढंच आम्हाला माहीत होतं. सासूबाईंना कळलं. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

भिंतीशी उभा केला की त्याच्या टाचा टेकत नाहीत, हात वर केला की तोल जातो. म्हणून यांनी चटईवर झोपवून टेपनं उंची घेतली. हाताचा हिशेब कागदावर केला. मी म्हणाले, द्वारकाताईंना खरं कळवा, त्या शिकलेल्या आहेत, काही सुचवतील. तर म्हणाले, तिला कळलं की ती नकाशा दुरुस्त करील. तिच्या नकाशात माझा पोरगा पंधरा वर्षांचा होऊन उभा आहे, दुसरं कुठंच नाही. मला तेवढा राहू दे.

आता तुम्हाला कळलं आहे. काय करायचं ते तुम्हीच ठरवा. रागावलात तर माझ्यावर रागवा.

कडू तुम्हाला विचारतो. खोली बांधणारी आत्या दिसते कशी, म्हणतो. त्याला तुमचा चेहरा आठवत नाही. तुमचा जीव आमच्यावर आहे तो कमी करू नका.

तुमची,
वच्छला

•

नागपूर,
७ फेब्रुवारी १९८८

ती. दादास सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. चार दिवस घरी राहून जे बोलता आलं नाही ते इथून लिहिते. मला समोरासमोर जमत नाही, हे तुला माहीत आहे.

आईनं होकाराचं विचारलं नाही. दार उघडलं आणि गाडीत बसायला जागा मिळाली का, एवढंच विचारलं. मी तीन वर्षं जिच्यासाठी अडून राहिले ती अट तिनं कधी सोडून दिली होती कोण जाणे. मला कुणी कळवलं नाही, आणि मी विचारलं नाही. या तीन वर्षांत एका दिवाळीला जरी आले असते तरी कडूला चालताना बघून मला कळलं असतं. पहिल्याच पत्रात तू लिहिलं होतंस की तो गुडघ्यांवर हात ठेवून उठतो. मी शिडी दुरुस्त केली. माप चुकलं तर दुरुस्त करता येतं. मी लांबून बघत होते.

कामाचं लिहिते. इथल्या डॉक्टरांना भेटले. तिकडच्या डॉक्टरांनी वहिनींना सांगितलं तेच त्यांनीही सांगितलं. मी त्यांना, पुढं कोणती खुर्ची लागेल आणि ती किती रुंद, हे विचारलं. त्यांनी मला विचारलं की खोली किती वर्षांसाठी करायची आहे. म्हटलं, ते तुम्ही सांगायचं. त्यांनी कागद ओढून दोन खुर्च्यांची मापं लिहून दिली, लहान मुलाची आणि मोठ्या माणसाची. मी सगळी मापं मोठ्या माणसाच्या खुर्चीची धरली आहेत.

स्वयंपाकघराकडचं दार ९० सेंटिमीटर कर. चौकट नवी लागेल. उंबरा काढ. आई हरकत घेईल, तिच्याशी मी बोलले आहे. अंगणात उतरायला उतरण, एक मीटर उंचीला बारा मीटर लांबी या हिशेबानं. तुमची पायरी १५ ची आहे, म्हणजे उतरण एक मीटर ऐंशी. पलंग जमिनीपासून ४५, त्याहून एक बोटही वर नको. दिव्याचं बटण ९० वर. दाराला कडी नको, ओढायला पट्टी लाव. या सगळ्यानं तो निदान काही वर्षं आपलं आपण करू शकेल. खोलीचा नियम मी बदललेला नाही.

खांबांना भोकं आहेतच. खुंट्या आता खाली आणायला उपयोगी पडतील.

तिसरा नकाशा भिंतीवरून काढू नकोस. तो चूक आहे, ते आपल्या दोघांना माहीत असलं की झालं.

वहिनींना वेगळं पत्र लिहिलं आहे, ते तू वाचू नकोस. कडूला सांग, आत्या अशी दिसते. घरच्या सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझी,
द्वारका

•

औरंगाबाद,
२३ जून १९९१

चि. द्वारकास अनेक आशीर्वाद.

उन्हाळ्यात तू येऊन गेलीस त्यानंतर लिहायला सवड झाली नाही. तू सांगून गेलीस तसं सगळं केलं. बटण ९० वरून ७५ वर आणलं व्हतं, आता खुर्चीच्या हातावरच वायर ओढून दिली. अभ्यासाची फळी अजून एक भोक खाली घेतली. सांडू आता पट्टी न लावता सांगतो, की सगळं मिळून बारा भोकं खाली आलो, बद्रीभाऊ.

तू पाठवलेली घंटा बसवली. बोट नुसतं टेकवलं की वाजते. स्वयंपाकघरात, पुढच्या खोलीत, दोन्हीकडं ऐकू येते. पहिल्या दिवशी कडूनं वाजवून बघितली, लई हसला. आई म्हणाली, देवळात आल्यासारखं वाटतंय.

त्यानंतर ती वाजली नाही. आम्हाला वाटलं, सगळं हाताशी असल्यावर गरज लागत नसेल. तुझं कौतुक करत व्हतो.

मंगळवारी दुपारी चारला वच्छला चहा द्यायला गेली. तो खुर्चीत एका बाजूला कलंडलेला. पुस्तक खाली पडलेलं, मान वाकडी, हात फळी आणि खुर्चीच्या मधी अडकलेला. दुपारी बाराला जेवला तेव्हापासनं तसाच व्हता. बोट घंटेवरच व्हतं, द्वारके. दाबायची ताकद व्हती. मी विचारलं, राजा, वाजवली का नाय. तर म्हणाला, आई धुणं धूत व्हती. आजीचे गुडघे दुखतात. तुम्ही रातपाळीवरून येऊन आडवे झाला व्हता. मी म्हटलं, अरे, त्यासाठीच तर घंटा हाय. तर मला समजावून सांगायला लागला, की आत्यानं ही खोली केलीय ती कुणाला हाक मारायला लागू नये म्हणून. घंटा वाजवली तर खोली बिघडली असं होईल. आत्याला वाईट वाटंल.

बारा वर्षांचं पोर. हात सुजलाय, मोडला नाही.

आता खाली आणायला काही उरलं नाय. सांडू विचारतो, पुढचा कागद कधी येणार. तू काय म्हणतेस ते कळव. वाट बघतो.

तुझा,
दादा

•

नागपूर,
२९ जून १९९१

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र काल संध्याकाळी मिळालं. आज सकाळी ऑफिसला गेले नाही.

सोबत नकाशा नाही. त्याची गरज नाही, लिहून सांगते.

घंटा काढून टाक. त्याच्या देखत काढ आणि सांग, की आत्यानं काढायला लावली.

स्वयंपाकघर आणि त्याची खोली यांच्यामधली भिंत पाड. ती अर्ध्या विटेची आहे. छत बाहेरच्या भिंतींवर आहे, हिच्यावर काही नाही. दाराची चौकट आधी सोडव. मग वरच्या थरापासून एकेक वीट काढत खाली या. मधूनच घाव घालू नका. विजेची तार त्याच भिंतीतून गेली आहे, मेन बंद करून मग हात लावा. धूळ त्याच्या छातीला बरी नाही. ते दोन दिवस त्याला आणि आईला पुढच्या खोलीत ठेव आणि मधल्या दाराला ओली चादर लाव.

भिंत गेली की त्याचा पलंग ओट्याकडं तोंड करून लाव. भाकरी करताना वहिनींना तो दिसला पाहिजे, आणि मान वळवली नाही तरी त्याला सगळे दिसले पाहिजेत. पुस्तक पडलं तर पडताना कुणाच्या तरी कानावर पडेल. अंतर मी मोजलेलं नाही. तुम्हीच बसून बघा.

मग ती खोली राहणार नाही. सहा वर्षं मी ती काढत होते, खोडत होते आणि पुन्हा काढत होते, आणि त्याला एकटं कसं राहायचं ते शिकवत होते. ते तो नीट शिकला. याला दुरुस्ती नाही. त्याला समजावून सांगितलं तरी तो मान डोलावेल आणि मनात तेच धरून बसेल. माझ्यावर गेला आहे. म्हणून सांगायला जाऊ नकोस. नुसती भिंत काढ.

पुढचा कागद येणार नाही, असं मिस्तरींना सांग.

मी पंधरा तारखेला येते आहे. रजा किती दिवसांची ते लिहून दिलेलं नाही. आईला नमस्कार, वहिनींना नमस्कार. कडूला काही सांगू नकोस. लोभ होता तेवढाच पुढंही असू दे.

तुझी,
द्वारका